दाजींच्या गाडीतली वीज

या जगात जे काही बिघडतं ते आपल्या हातून दुरुस्त व्हावं म्हणूनच बिघडतं, अशी आमच्या दाजींची श्रद्धा होती. श्रद्धा हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. सकाळी कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ते ज्या एकाग्रतेनं पूजेला बसत, त्याच एकाग्रतेनं दुपारी दुकानाच्या गल्ल्यामागे कुणाचा तरी रेडिओ उसवायला बसत. गिऱ्हाईक समोर उभं राहून साखर मागत असलं तरी त्यांची नजर वर येत नसे. गिऱ्हाईकही असं तयार झालं होतं, की आपली आपण साखर मोजून घेई आणि जाताना रेडिओला काय झालंय याची चौकशी करून जाई. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. वडवणीत बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान होतं, आणि मी तिथल्याच शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होतो. अक्काचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्यामुळे दाजींच्या प्रत्येक दुरुस्तीला वायर धरायला, स्टूल धरायला किंवा नुसता श्वास रोखून धरायला मी हजर असे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. गुरुजी म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

विजेवर त्यांचं विशेष प्रेम. करंट हा जावयासारखा असतो, मान दिला तर घरात येतो, नाही दिला तर दारातून परत जातो, असा त्यांचा सिद्धांत होता आणि तो ते कुणालाही ऐकवत. त्यांच्या घरातला पंखा त्यांनी एकदा उघडून पुन्हा बसवला, तेव्हापासून तो उलटा फिरे आणि हवा खाली यायच्या ऐवजी वर जाई. मी हे भीत भीत त्यांच्या नजरेस आणून दिलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, की गरम हवा वर ढकलणं हेच पंख्याचं खरं काम आहे, बाकीचे पंखे लोकांना फसवतात. महादेवाच्या देवळातला आरतीचा भोंगा त्यांनी दुरुस्त केला, तर त्यातून रेडिओ ऐकू येऊ लागला. भक्त मंडळी पिंडीवर बेल वाहत असताना वरून कापसाचे आणि तुरीचे बाजारभाव. पुजाऱ्यानं तक्रार केली. गावातल्या शेतकऱ्यांनी मात्र असाच राहू द्या म्हणून निरोप पाठवला, आणि त्या श्रावणात देवळात कधी नव्हे एवढी गर्दी झाली. दुरुस्तीनंतर हातात स्क्रू उरत. ते एका बरणीत टाकून दाजी सांगत, की कंपनीवाले भीतीपोटी जास्तीचे घालतात. अक्का या सगळ्यावर एक अक्षर बोलत नसे. दाजींनी "झालं दुरुस्त" असं म्हटलं, की ती उठून कंदिलात रॉकेल भरून ठेवी.

मग ते दिवस आले, देश उघडला वगैरे आपण म्हणतो ते. वडवणीसारख्या गावात देश उघडल्याची पहिली खबर किराणा दुकानांना लागली. आजवर पोत्यात, डब्यात आणि बरणीत असणारं दुकान एकाएकी दोरीवर आलं. शांपूच्या, गुटख्याच्या, कॉफीच्या पुड्या लांबच लांब माळांसारख्या दारात लोंबू लागल्या. शेजारी पिवळ्या पाटीचं एसटीडी आलं, समोरच्या गच्चीवर ताटासारखी छत्री आली. टाय लावलेले तरुण घामाघूम होत बीडहून येऊन दाजींना आप्पासाहेब म्हणू लागले. त्यातल्याच एकानं कपडे धुण्याच्या नव्या पावडरीची आसपासच्या गावांची एजन्सी घ्या म्हणून गळ घातली. अट एकच, की माल पोचवायला स्वतःची गाडी हवी. दाजी त्या रात्री जेवले नाहीत असं अक्का सांगे. चिंतेनं नव्हे, आनंदानं.

गाडी त्यांनी पालीच्या एका गुत्तेदाराकडून, म्हणजे कंत्राटदाराकडून घेतली. धरणाच्या बाजूला कुठली कुठली कामं करून त्या पिकअपनं हात टेकले होते. रंग निळा असं कागदावर लिहिलं होतं, म्हणून आम्ही निळा म्हणायचो. मागचा हौदा भक्कम लोखंडी, इंजिन डिझेलचं आणि दणकट. केबिन मात्र दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची आणून बसवलेली. गुत्तेदार प्रामाणिक होता. इंजिनाला हात लावायचं काम नाही, फक्त वायरिंगचं थोडं बघून घ्या, असं त्यानं सांगितलं. इतर माणूस हे ऐकून मागे फिरला असता. दाजींनी ते ऐकून तिथल्या तिथे होकार दिला.

पालीहून वडवणीपर्यंत ती गाडी आम्ही दोघांनी आणली. ब्रेक दाबला की हॉर्न वाजे. हॉर्न दाबला की आतला छोटा दिवा लागे. काचेवरचा वायपर बीड शहर ओलांडेपर्यंत निपचित पडून होता, तो पुढं कडक उन्हात एका मोठ्या खड्ड्यानंतर जागा झाला आणि घरापर्यंत इमानेइतबारे कोरडी काच पुसत राहिला. उजवीकडे वळायचं म्हणून दाजींनी इंडिकेटरची कांडी खाली केली, तर समोरचे दोन्ही दिवे मंद मंद उघडझाप करू लागले. सगळ्यात विलक्षण म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की दिवे उजळत आणि पाय काढला की विझत. गाडी घरापुढे उभी केली तेव्हा माझी कंबर गेली होती आणि दाजींचा चेहरा फुलला होता. इतक्या वर्षांत त्यांना त्यांच्या तोडीचं काही भेटलं नव्हतं.

त्यानंतरचे कित्येक महिने वडवणीनं दाजींना फक्त पायांवरून ओळखलं, कारण बाकीचे दाजी गाडीखाली असत. बॅटरी सकाळी मेलेली असे म्हणून गाडी रोज शाळेजवळच्या उतारावर लावायची आणि सकाळी सोडून द्यायची, ती गडगडत खाली येऊन सुरू होई. तिच्या त्या आवाजावर आमच्या शाळेची प्रार्थना सुरू करायची पद्धत पडली होती. सल्ल्यांना तोटा नव्हता. गावातल्या बॅटरीवाल्याचं म्हणणं बॅटरी बदला. जळलेल्या मोटारी भरून देणाऱ्याचं म्हणणं डायनामो भरून घ्या. ट्रॅक्टरवाल्या पाटलांचं म्हणणं, गाडीला जुन्या मालकाची आठवण येते, तिला एकदा पालीला नेऊन आणा. दाजी सगळ्यांचं ऐकून घेत, चहा पाजत आणि मान हलवत. त्यांचं स्वतःचं निदान असं, की या गाडीत बिघाड काही नाही, तिचा स्वभाव तसा आहे. बल्बाला दोन वायरी जोडून त्यांनी एक तपासणीचा दिवा बनवला होता, तो गाडीच्या अंगाला इथं तिथं टेकवत ते वैद्यासारखे हिंडत. दिवा कुठं लागे, कुठं न लागे. लागला की ते म्हणत बरोबर, आणि नाही लागला तरी म्हणत बरोबर.

पावडर कंपनीचा साहेब गाडी बघायला आला तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. साहेबानं दिवे लावून दाखवा म्हटलं. दाजींनी बटण दाबलं, दिव्यांनी दाद दिली नाही. दाजींनी शांतपणे ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, इंजिन गर्जलं आणि दिवे झळझळीत उजळले. पाय काढला, विझले. गाडी उभी असताना दिव्यांचं कामच काय, चालू लागली की आपोआप लागतात, वीज वाया जात नाही, हे सगळं दाजींनी इतक्या सहजपणे सांगितलं, की तो साहेब आपल्या कंपनीच्या गाड्यांनाही असं करून मिळेल का म्हणून विचारू लागला. एजन्सी मिळाली. गाडी आठवडी बाजारांच्या गावांना पावडर पोचवू लागली. अंधार पडायच्या आत परत यायचं एवढं एकच पथ्य होतं, आणि दाजी त्याला व्यवहारातली शिस्त म्हणत.

अशात बेबीचं लग्न ठरलं. बेबी ही दाजींची एकुलती लेक. बापाच्या हाताखाली ती लहानपणापासून पान्हे ओळखायला शिकली होती आणि बापाच्या सिद्धांतांना समोरासमोर हसणारी घरात ती एकटीच. स्थळ चकलांब्याचं. मुलगा आडतीच्या दुकानात लक्ष घालणारा, घरी बागायत, वाड्यावर माणसांचा राबता, आणि व्याही जरा ताठ. लग्न आपल्याच दारात, चकलांब्यात व्हावं असं व्याह्यांनी बजावलं होतं. दाजींनी सगळं मान्य केलं, फक्त एक हट्ट धरला. लेकीचं सामान आपल्याच गाडीतून जाईल.

मी अक्काला नवऱ्यापुढे उलट बोलताना पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. भावकीतल्या लोकांनी भाड्याचा टेंपो सांगू म्हटलं होतं, आणि दाजी मान हलवत होते. अक्का चुलीपुढून उठून बाहेर आली. तिनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "तुमची गाडी बाजारात बंद पडली तर लोक हसतेत, अन् तुमी बी हसताव. तिच्या सासरच्या दारात बंद पडली तर ते तिला जल्मभर हसतेन. ते तिनं काहून सोसायचं?" दाजी उठले आणि गाडीखाली गेले.

लग्नापर्यंत त्यांनी दुकान भावाच्या पोरांवर सोपवलं आणि गाडीतली झाडून सगळी वायर काढून नवी घातली. बाजारात तेव्हा तांबड्या रंगाचीच वायर शिल्लक होती, म्हणून इथून तिथून सगळी तांबडी. आता कुठली वायर कुठं जाते हे खुद्द दाजींना सोडून कुणालाच कळणं शक्य नव्हतं, आणि दाजींनाही ते कळत होतं ते फक्त ज्या दिवशी त्यांनी ती घातली त्या दिवशी. नव्या वायरीनंतरही दिवे पूर्वीसारखेच पायाच्या तालावर उजळत-विझत राहिले. आदल्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते बॉनेटला टेकून उभे होते. दाजी आणि गप्प, हे मला बघवलं नाही, म्हणून मी लवकर घरी आलो.

लग्नाच्या दिवशी पहाटेच हौद्यात सामान चढलं. भांडी, गाद्या, पलंग आणि भलंमोठं लोखंडी कपाट. कपाट उभं मावेना, म्हणून ते केबिनच्या पाठीला घट्ट टेकवून आडवं तिडवं आवळून बांधलं. गाडी उतारावरून सोडली, सुरू झाली, आणि दाजींनी सवयीनं दिव्याचं बटण दाबलं. दिवे लागले. पाय काढला, तरी लागलेले. ब्रेक दाबला, हॉर्न वाजला नाही. हॉर्न दाबला तर चक्क हॉर्नच वाजला. वायपर म्हटलं की वायपर. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. ते खाली उतरले, कपाळावरची थोडी विभूती बोटावर घेऊन बॉनेटला लावली आणि म्हणाले, "गाडीला बी कळतंय गुरुजी, आज लेकीचं काम हाय."

नवरीनं जीपमधून पाव्हण्यांबरोबर जायचं ठरलं होतं. ती सगळ्यांना डावलून, शालू सावरत, केबिनमध्ये बापाशेजारी येऊन बसली. मी दाराशी. वडवणीपासून बीड, बीडपासून गेवराई आणि तिथून आत चकलांब्यापर्यंत दाजींनी दिवे बंद केले नाहीत. डोक्यावर ऊन तापलेलं आणि आमचे दिवे लखलखत होते. प्रत्येक गावाच्या वेशीवर हॉर्न. बेबी हसून हसून बेजार. चकलांब्यात शिरलो तेव्हा लोक पुढाऱ्याची गाडी आली समजून बाजूला झाले, आणि व्याह्यांचे दोन भाऊ हार घेऊन धावत आले. हार आणलेच होते म्हणून त्यांनी ते दाजींना घातले. सामान मानानं उतरलं. ताठ व्याह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारून गाडी दणकट आहे असं म्हटलं. अक्कानं ते लांबून ऐकलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

लग्न लागलं, पंगती उठल्या, निघायची वेळ झाली. बायका रडत होत्या. दाजी मात्र मांडवातल्या एका खांबाकडे टक लावून बघत होते, तिथली वायर उघडी आहे असं मांडववाल्याला सांगत होते. बेबी पाया पडायला आली. बापानं लेकीला काय आशीर्वाद द्यावा याकडे सगळ्यांचे कान. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वल्ल्या हातानं बटन दाबू नको." एवढंच. मग वळले ते थेट गाडीत जाऊन बसले. नवरदेवाच्या दोस्तांनी ढकलून गाडी सुरू करून दिली.

परतीला आम्ही तिघेच होतो. बाकीची मंडळी जीपमधून पुढं गेली. मध्ये अक्का, पलीकडे मी. दोन्ही बाजूंना कापूस, आणि रस्ता असा, की एसटीसुद्धा विचार करून यावी. सूर्य टेकला, दाजींनी दिवे लावले. काजव्यासारखं काहीतरी चमकलं आणि विझलं. त्यांनी पाय दाबला. एरवी तेवढ्यानं तरी उजळायचे, आता तेही नाही. हॉर्न दाबला तर तोही मुका. अजून संधिप्रकाश होता तोवर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद करायची सोय नव्हती, कारण पुन्हा ढकलायला माणसं कुठून आणणार. ते धडधडत राहिलं, आणि त्या धडधडीत दाजी तपासणीचा दिवा टेकवत, वायरी ओढत, फ्यूज घासत गाडीभोवती फिरत राहिले. जेवढ्या युक्त्या माहीत होत्या तेवढ्या त्यांनी केल्या. कडेच्या कापसावरचा पांढरा रंग हळूहळू दिसेनासा होत होता. शेवटी ते एका दगडावर येऊन बसले. अक्काही उतरून त्यांच्याजवळ उभी राहिली. मी गेवराईकडून एखादं वाहन येईल, थांबू, असं काहीबाही बोललो.

"सकाळी समदं चालत हुतं," ते म्हणाले. "सकाळपासून गाडीतलं कमी काय झालं?"

अक्का म्हणाली, "लेक कमी झाली."

दाजींच्या हातातली पक्कड खाली पडली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं, आणि ते बरंच होतं. पुन्हा इकडं आलो तेव्हा अक्का पदरानं त्यांचा चेहरा पुसत होती, आणि हातांचं काळं वंगण, विभूती आणि पाणी यांचा मिळून असा काही लेप झाला होता, की पुसावं तितका तो पसरत होता. अक्काला त्याही स्थितीत हसू आलं. तिला हसताना बघून दाजींनाही.

मग बराच वेळ ते हौद्याकडे बघत बसले. बघता बघता त्यांचे डोळे बारीक झाले. ही खूण मला माहीत होती. एखादा सिद्धांत येऊ घातला की त्यांचे डोळे असे होत.

"लेक तर पुढं केबिनमधी बसलती," ते सावकाश म्हणाले. "मागं काय हुतं गुरुजी?"

मी म्हटलं, गाद्या, भांडी, कपाट.

"कपाट," दाजी म्हणाले आणि उठले. "लोखंडाचं."

ते गाडीखाली घुसले, बाहेर आले, केबिन हातानं हलवून बघितली, पुन्हा घुसले. आणि मग रस्त्यावर उभं राहून, अंधारायला आलेलं असताना, इंजिनाच्या वर आवाज काढून त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. केबिन दुसऱ्या गाडीची, ती बसवली आहे रबरावर. बॅटरीचा एक हात खालच्या सांगाड्याला बांधलेला. बॅटरीतून निघालेला करंट वायरीनं वर केबिनमध्ये येतो, दिव्यापर्यंत जातो, पण दिव्यातून परत खाली बॅटरीकडे जायला त्याला लोखंडाची वाट लागते, आणि केबिन बसवणाऱ्यानं ती वाट जोडलीच नाही. आजवर बिचारा ॲक्सिलरेटरच्या तारेतून, कुठल्या कुठल्या फटीतून कसातरी परत जात होता. सकाळी कपाट केबिनला टेकलेलं आणि हौद्यात रुतलेलं, त्यानं मोठा रस्ता करून दिला. कपाट उतरलं, रस्ता बंद झाला, आणि उतरवतानाच्या हिसक्यानं त्या जुन्या फटीही सुटल्या. हे सांगता सांगता ते अक्काकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "करंट नुसता जाऊन भागत न्हाई. गेल्याला माघारी यायची वाट ठिवावी लागती, तवाच दिवा लागतो."

अक्का गाडीत जाऊन बसली.

चाक उघडायची लोखंडी टॉमी दाजींनी हौद्याच्या आणि केबिनच्या मध्ये ठोकून बसवली, त्याआधी दोन्हीकडचा रंग खरवडून काढला. समोरच्या कापसावर एकदम पांढराशुभ्र उजेड पडला. पण टॉमी खड्ड्यागणिक ढिली होई. तिला कुणीतरी दाबून धरणं भाग होतं, आणि ते कुणी धरायचं यावर चर्चा करण्याची गरज नव्हती. लग्नाचा नवा सदरा अंगावर, पाठ हौद्याच्या फळीला आणि दोन्ही पाय टॉमीवर, अशा अवस्थेत मी चकलांब्याच्या रस्त्यावरून वडवणीपर्यंत आलो. पाय जरा सैल पडला की दिवे मिणमिणत आणि पुढून केबिनवर थाप पडे. इतिहास-भूगोलाच्या माणसाला अशी संधी पुन्हा मिळत नाही. माझ्या पायांवर चालणाऱ्या उजेडात माझी बहीण आणि दाजी सुखरूप घरी आले, हे मी अजूनही जरा फुशारकीनं सांगतो.

दुसऱ्याच दिवशी दाजींनी तांब्याची जाड पट्टी आणून केबिन आणि सांगाडा जोडून टाकला. गाडी ठणठणीत झाली. ब्रेकला ब्रेक, हॉर्नला हॉर्न, आणि पुढं चावीवर गाडी सुरू करणारा सेल्फसुद्धा चालू लागला. शाळेच्या प्रार्थनेला नवी घंटा घ्यावी लागली. पावडरीचा धंदा वाढला, अंधाराचं पथ्य सुटलं. आणि दाजी मात्र आजारी माणसासारखे दिसू लागले. संध्याकाळी ते गाडीजवळ खुर्ची टाकून बसत, बटण दाबून दिवा लावत, विझवत, पुन्हा लावत. तो दर वेळी लागे. बिघडत काहीच नाही म्हटल्यावर त्यांना वेळ जाईना, असं आम्हाला वाटलं.

मग बातम्या येऊ लागल्या त्या चकलांब्याच्या. बेबीच्या घरचा पंखा आवाज करतो. बेबीच्या सासूबाईंच्या खोलीतला बल्ब फडफडतो. मिक्सर, इस्त्री, अंगणातला दिवा, विहिरीवरची मोटार. शेजारच्या एसटीडीवर फोन येई आणि दाजी पेटी उचलून निघत. वाटेतल्या गावांना पावडर टाकायचीच आहे असं अक्काला सांगत. अक्का विचारत नसे, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देई, ती चौघांना पुरेल एवढी. ताठ व्याहीसुद्धा हळूहळू दुरुस्तीत ओढले गेले. दाजींनी मोटार उघडली की ते कंदील धरून शेजारी उकिडवे बसत आणि दोघांचे पावसापाण्यावर वाद चालत.

एकदा सुट्टी होती म्हणून मी दाजींबरोबर गेलो. बेबीच्या स्वयंपाकघरातला पंखा उतरवून त्यांनी पोत्यावर पसरला होता आणि बेबी पूर्वीसारखी एकेक पान्हा हातात देत होती. तासाभरात तिनं सासरचं सगळं सांगितलं, हसली, मध्ये एकदा डोळे पुसले, पुन्हा हसली. दाजी मान खाली घालून स्क्रू पिळत, हं हं करत ऐकत होते. पंखा पुन्हा वर चढला आणि पहिल्यासारखाच फिरू लागला. परत येताना मी सहज म्हटलं, पंख्यात तर काही दोष दिसला नाही. दाजींनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तिच्या घरी काई बिघडत न्हाई, गुरुजी. मला ठावं हाय," ते म्हणाले. "पण लेकीच्या दारात बापानं सारखं सारखं काय म्हून जायचं? हातात पक्कड असली म्हंजी कुनी इचारत न्हाई."

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त होऊन बीडला येऊन राहिलो. मध्यंतरी चकलांब्याला जाणं झालं. बेबीनं जुनं पाडून दोन मजली घर बांधलं आहे, हौसेनं तिनं सगळं फिरवून दाखवलं. वायरिंग नव्या पद्धतीचं, भिंतीच्या आतून नेलेलं. बाहेर एक तार नाही, एक खिळा नाही, नुसती पांढरी गुळगुळीत बटणं. आवाज न करता पंखे फिरत होते. सगळ्या खोल्या बघून झाल्या, चहा झाला. आम्ही दोघं दिवाणखान्यात बसलो होतो. ती भिंतीकडे बघत होती, मीही बघत होतो, आणि उघडून बसावं असं तिथं काहीच नव्हतं.